तारामतीबाई माझ्यावर निजल्या तेव्हा

मित्रांनो, ट्रॉली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं ट्रॅक्टरमागं डुलत जाणारी उसाची ट्रॉली उभी राहत असेल. मी ती नव्हे. मी दवाखान्यातली ट्रॉली, आजारी माणसाला अंगावर घेऊन हळूहळू नेणारी. आता मी म्हातारी झाले आहे. कोपऱ्याकोपऱ्यांवरून माझा पांढरा रंग उडाला आहे आणि गादीचं रेक्झिन ठिकठिकाणी शिवलेलं आहे. तरी अजून माझी चाकं फिरतात, आणि अजून माणसं माझ्यावर पाठ टेकून डोळे मिटतात.

माझा जन्म लातूरच्या एका वर्कशॉपमधला. औशाहून रोज एसटीनं येणाऱ्या रेवणसिद्ध नावाच्या वेल्डरनं मला घडवलं. त्यानं लोखंडी पाइप वाकवले, जोडले, घासून गुळगुळीत केले. दोन्ही बाजूंना वरखाली होणारे कठडे बसवले आणि मग एक कठडा धरून मला गदागदा हलवलं.

शेजारचा कारागीर हसला. "आरं, म्हैस बांधायची हाय का तिला?"

"दुखण्यातला माणूस झोपेत कूस बदलतो," रेवणसिद्ध म्हणाला. "आपण कुठं निजलोय, हे त्याला काय म्हाईत?"

गादी बसवून झाली तेव्हा दुपारची सुट्टी होती. तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि बघता बघता त्याला झोप लागली. माझ्या अंगावर निजलेलं ते पहिलं माणूस. त्याच्या पाठीची ऊब माझ्यात उतरत गेली. बाहेर कुठंतरी कबुतरं घुमत होती, पत्र्यावर ऊन तापत होतं, आणि मला वाटलं, आपण यासाठीच आहोत. कुणीतरी निश्चिंत होऊन निजावं, यासाठी.

मग एका टेम्पोत बसून मी निघाले. वर आभाळ होतं. दोन्ही बाजूंना तुरीची रानं मागं सरत होती आणि ढग माझ्याबरोबर चालत होते. एवढं मोठं आभाळ मला पुन्हा कधी दिसलं नाही.

लातूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातलं सरकारी रुग्णालय माझं घर झालं. गावाचं नाव मी सांगत नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट कुठल्याही गावात घडू शकते. मला तातडीच्या विभागात ठेवलं. लोक त्याला कॅज्युल्टी म्हणतात. या खोलीचं दार कधी बंद होत नाही. अर्धापूरहून केळी भरून निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर, माहूरचा गड उतरून घरी परतताना छातीत कळ आलेला माणूस, विहिरीच्या पायरीवरून घसरलेली बाई, रानात साप चावलेला सालगडी, सगळे आधी माझ्याकडं यायचे.

मला ढकलायचे ते वीरण्णा मामा. ते इथले जुने कर्मचारी, उदगीरकडचे. बोलता बोलता त्यांच्या तोंडात कन्नड शब्द यायचे. मला ते 'तंगी' म्हणायचे. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. "चल तंगी, एक्स-रेला जाऊन येऊ," असं म्हणत ते मला दारातून अलगद वळवायचे. माझ्या चाकांत तेल घालायचे, उन्हाळ्यात गादी ओल्या फडक्यानं पुसायचे. नवीन डॉक्टर आले की त्यांना कौतुकानं दाखवायचे, "ही आमची जुनी ट्रॉली. पण चालताना आवाज करती का बघा!" त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं.

माझ्यावर निजलेल्या माणसाला फक्त छत दिसतं, मित्रांनो. पंखा दिसतो, ट्यूबलाइट दिसते, आणि अधूनमधून ढगाआडून चंद्र डोकवावा तसा एखादा चेहरा वरून डोकावतो. तो चेहरा काहीतरी विचारतो. तापात, गुंगीत तो प्रश्न पाण्याखाली बुडून ऐकावा तसा ऐकू येतो. आणि आमच्या भागातल्या साध्या माणसांना मोठा संकोच. डॉक्टरांना, सिस्टरांना 'न्हाई' कसं म्हणायचं? मग ती 'हाव' म्हणतात. हाव म्हणजे हो. कळलं का? हाव. बरं वाटतंय का? हाव. काही कळलेलं नसतं, बरंही वाटत नसतं, पण 'हाव' म्हटलं की वरचा चेहरा समाधानानं निघून जातो.

दसरा जवळ आला होता. सोयाबीनची काढणी सुरू होती. अशा एका दुपारी तारामतीबाईंना माझ्यावर आणून निजवलं. उलट्या आणि जुलाबानं त्यांच्या अंगातलं पाणी गेलं होतं. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. अंगानं त्या इतक्या हलक्या, की माझ्यावर पातळाची घडीच ठेवली आहे असं वाटावं. सोबत त्यांची सून होती, शिल्पा. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. डोक्यावरचा पदर सारखा सावरायची आणि कुणी काही विचारलं तर सासूकडं बघून मग बोलायची. तिचा नवरा हरिओम नांदेडला एका दुकानात कामाला होता. त्याला फोन गेला होता.

डॉक्टर सुकन्या मॅडमनी तारामतीबाईंना तपासलं. "पाणी कमी झालंय अंगातलं. सलाईन लावू. घाबरायचं कारण नाही," त्या शिल्पाला म्हणाल्या. लुंबिनी सिस्टरनं सुई लावली. तिचा हात सगळ्या विभागात हलका म्हणून प्रसिद्ध होता. रडणारी पोरंसुद्धा तिच्याकडं हात पुढं करायची.

माझी जागा भिंतीकडं होती. खिडकीजवळ दुसरी एक ट्रॉली होती, तिच्यावर कावेरीबाई होत्या. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता आणि त्या दिवशी साखर फार चढली होती. त्या सारखं पाणी मागत होत्या. मॅडमनी त्यांचं रक्त तपासायला पाठवलं होतं.

सलाईनचे थेंब पडत राहिले. तारामतीबाईंचे डोळे मिटत आले. मलाही त्यांच्याबरोबर गुंगी आल्यासारखं झालं. खिडकीतून येणारं ऊन फरशीवरून सरकत होतं आणि सगळं शांत होतं.

तेवढ्यात बाहेर कालवा झाला.

जवळच्या एका शिवारात चिंचेच्या झाडाखाली सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं. त्याच्या आवाजानं आणि धुरळ्यानं झाडावरचं आग्या मोहोळ उठलं. रानात होती नव्हती तेवढी माणसं माश्यांनी फोडून काढली. एक जीप आली, मागून एक टेम्पो आला. सुजलेले चेहरे, मिटलेले डोळे, आकांत करणाऱ्या बाया. एका माणसाला श्वास घेता येत नव्हता. सुकन्या मॅडम त्याच्याकडं धावल्या.

"जागा करा, जागा करा!" वीरण्णा मामांनी आम्हा ट्रॉल्यांना इकडं तिकडं सरकवलं. श्वास लागलेल्या माणसाला ऑक्सिजन लावायचा होता आणि ऑक्सिजनची नळी होती भिंतीकडं. म्हणून त्यांनी मला खिडकीजवळ नेलं आणि कावेरीबाईंची ट्रॉली दाराच्या बाजूला लावली. मामांनी बरोबरच केलं होतं. पण त्या गडबडीत ते कुणाला सांगायचं राहून गेलं.

शिल्पा तेव्हा नवऱ्याला फोन लावायला बाहेर गेली होती. आत रेंज येत नव्हती.

कावेरीबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट आला. सुकन्या मॅडम त्या माणसाच्या छातीवर वाकलेल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सिस्टर, खिडकीजवळच्या कावेरीबाईंना इन्सुलिन देऊन टाका."

लुंबिनी सिस्टरनं इंजेक्शन भरलं आणि ती खिडकीजवळ आली. खिडकीजवळ आता मी होते. तिनं तारामतीबाईंवर वाकून विचारलं, "कावेरीबाई ना?"

तारामतीबाईंना आधीच ऐकू कमी यायचं. त्यात गुंगी, त्यात तो गलका. त्यांना छताखाली एक चेहरा दिसला, दयाळू, घामेजलेला. त्या त्याच्याकडं बघून हसल्या.

"हाव," त्या म्हणाल्या.

सुई टोचली. हलक्या हाताची सुई, त्यांना कळलीसुद्धा नाही. सिस्टर पुढच्या माणसाकडं निघून गेली. मित्रांनो, मला हात नाहीत, आवाज नाही. मी फक्त धरून ठेवू शकते. आणि खरं सांगायचं तर काय घडलं, ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं. सगळं नेहमीसारखंच झालं होतं.

शिल्पा परत आली आणि उशाशी उभी राहिली. बराच वेळ गेला. मग मला तारामतीबाईंच्या पाठीत बारीक थरथर जाणवली. वर पंखा चालू होता, तरी चादर भिजायला लागली. त्या डोळे मिटून बोलू लागल्या.

"अक्का, त्या फांदीवरचा पेरू पाड ना. पिकलाय बघ. अक्का, मला उतरव इथनं. खाली पाणीच पाणी हाय."

त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. त्या कुठल्यातरी झाडावर होत्या, खाली ओढा होता, पाणी चढत होतं. त्यांची बोटं माझा कठडा चाचपत होती, जणू तीच फांदी. मी त्यांच्या त्या स्वप्नाखाली उभी होते आणि त्या माझ्यापासून लांब लांब चालल्या होत्या.

"आत्या," शिल्पानं हाक मारली. "आत्या, मी शिल्पा. आत्या!"

त्यांनी डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती.

शिल्पा समोरून जाणाऱ्या, दवाखान्यात कामाला असलेल्या एका मावशीकडं गेली. "मावशी, आमच्या आत्या येगळंच बोलून राहिल्यात. अंग गार पडलंय."

"गुंगी असंल गं. झोपू दे त्यांना. बघून राहिलीस ना किती गर्दी हाय?"

ती परत आली. तिनं सासूचं कपाळ पदरानं पुसलं. लगेच पुन्हा घाम आला. ती दारापर्यंत गेली, औषधं देणाऱ्या माणसाला काही म्हणाली. त्यानं हातानंच 'थांबा' म्हणून खूण केली. ती पुन्हा माझ्याजवळ आली. दोन्ही हातांनी तिनं माझा कठडा धरला होता. तिचं काळीज धडधडत होतं, ते मला तिच्या तळव्यांतून ऐकू येत होतं. मोठ्या माणसांपुढं, शिकलेल्या माणसांपुढं तिनं आजवर कधी आवाज चढवला नव्हता. आणि आत्या तर आता हाकेला 'ओ'सुद्धा देत नव्हत्या.

तिनं कठडा सोडला. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं उचलला नाही. गर्दीतून वाट काढत ती सरळ सुकन्या मॅडमकडं गेली आणि तिनं त्यांचा हातच धरला.

"मॅडम, चला. आत्ताच्या आत्ता चला. त्या झोपल्या न्हाईत. मला म्हाईत हाय त्या कशा झोपतात."

मॅडमनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्या आल्या. तारामतीबाईंचा हात हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. "साखर बघा यांची." बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर अगदी तळाला गेली होती. मॅडमनी तिथंच उभं राहून शिरेतून ग्लुकोज दिलं, सावकाश, त्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवून.

आणि मग, मित्रांनो, ओढ्याच्या पाण्यातून कुणी वर यावं तशा तारामतीबाई वर आल्या. पाठ जड झाली. श्वास भरून आला. त्यांनी छताकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं आणि मग सुनेकडं पाहिलं.

"शिल्पा, काय झालं गं? रडून कामून राहिलीस?"

शिल्पानं पदरानं डोळे पुसले. मॅडम म्हणाल्या, "दोन दिवस पोटात अन्न नव्हतं ना, त्यामुळं साखर उतरली असेल. आता बरं वाटेल." आणि त्या वळल्या.

गोष्ट इथंच मिटली असती. सगळ्यांना पटण्यासारखं कारण मिळालं होतं.

लुंबिनी सिस्टर ग्लुकोजची रिकामी बाटली उचलत होती, तेवढ्यात दाराच्या बाजूनं कावेरीबाई ओरडल्या, "आवो सिस्टर, माझी सुई कव्हा देणार? जीव सुकून चाललाय माझा!"

"दिली ना मगाशी, आजी."

"मला? मला कुठं दिली? मी कव्हाची वाट बघून राहिले!"

सिस्टरनं दाराकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं. मग माझ्यावर निजलेल्या तारामतीबाईंकडं. तिचा हात माझ्या कठड्यावर येऊन पडला. माझ्यावर पुष्कळ हात पडले आहेत, तापलेले, रक्ताळलेले, घाबरलेले. पण इतका गार हात मी कधी अनुभवला नव्हता.

तिनं काही बोलायची गरज नव्हती. कावेरीबाईंना आता एक इंजेक्शन दिलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. ती माझ्याजवळ उभी राहिली. खिडकीबाहेर लिंबाच्या झाडावर एक खार सरसर चढली, मध्येच थबकली. मग सिस्टर म्हणाली,

"मॅडम. तारामतीबाईंची साखर उपासानं उतरली नाही. कावेरीबाईंचं इन्सुलिन मी यांना दिलंय."

 सुकन्या मॅडम मागं वळल्या. त्या चिडतील असं मला वाटलं. पण त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो असा, "म्हणजे साखर पुन्हा उतरणार. ते औषध अजून अंगात आहे." आणि लगेच कामाला हात लागले. तारामतीबाईंना ग्लुकोजची बाटली चालू झाली, त्यांची साखर पुन्हा पुन्हा तपासायचं ठरलं, त्यांच्याजवळ एक सिस्टर बसली. कावेरीबाईंना त्यांचं इंजेक्शन मिळालं.

संध्याकाळी साखर खरोखरच पुन्हा उतरली. पण या वेळी घाम यायच्या आधीच ती सापडली. तारामतीबाई उठून बसल्या होत्या, शिल्पाला घरच्या शेळीबद्दल विचारत होत्या. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मॅडम लुंबिनी सिस्टरला हळूच म्हणाल्या, "उपासाचं कारण धरून मी यांना घरी सोडलं असतं. वाटेत, नाहीतर घरी झोपेत..." 

हरिओम आला तेव्हा दिवे लागले होते. सुकन्या मॅडम आणि लुंबिनी सिस्टर दोघींनी त्याला आणि शिल्पाला बसवून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. तो उठून उभा राहिला.

"माझी माय मेली असती तर?"

सिस्टरनं मान खाली घातली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो," ती म्हणाली. "गेल्या असत्या."

"मग आता काय करू मी? पाया पडू तुमच्या, वाचवलं म्हणून?"

 तो बाहेर जाऊन बराच वेळ लिंबाखाली उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या साहेबांकडं तक्रार केली. आणि ते त्याचं बरोबरच होतं. चौकशी झाली. सिस्टरला लेखी समज मिळाली.

पण तक्रार जायच्याही आधी, त्याच दिवशी सकाळी सुकन्या मॅडमनी सगळ्यांना खिडकीजवळ, माझ्याभोवती गोळा केलं होतं. त्या म्हणाल्या, "कोण चुकलं, एवढंच विचारून आपण थांबलो, तर पुढच्या गर्दीत हेच होईल. कसं चुकलं, ते बोलू."

 मग वीरण्णा मामा खाकरले. "ट्रॉल्या मी हलवल्या, मॅडम. कुनाला सांगितलं न्हाई."

"आणि मी खिडकीजवळच्या म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "माणसाऐवजी मी जागेवर भरवसा ठेवला."

लुंबिनी सिस्टर म्हणाली, "मी नाव विचारलंच नाही. मी नाव सांगितलं, आणि त्यांच्याकडून 'हाव' म्हणून घेतलं."

तारामतीबाई माझ्यावर उशीला टेकून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तू कायबी म्हनली असतीस, तरी मी हावच म्हनले असते. दवाखान्यात दुसरं काय म्हनायचं असतं, हे मला कोनी शिकवलंच न्हाई."

त्या सकाळपासून आमच्या विभागाची रीत बदलत गेली. एका दिवसात नाही, कुरकुर न होताही नाही. आता कुणी 'अमुकबाई ना?' असं विचारत नाही. 'तुमचं नाव काय?' असं विचारतात आणि माणूस स्वतः बोलेपर्यंत थांबतात. माणूस आल्याबरोबर त्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधतात. ट्रॉली कुठंही सरकली तरी नाव माणसाच्या हाताबरोबर जातं. गुंगीतल्या, न बोलणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यांना विचारतात. शिल्पाला त्या दिवशी मॅडमनी मुद्दाम विचारलं होतं, "तुला कधी वाटलं, की काही बिघडलंय?" तिनं जे सांगितलं, ते सगळ्यांच्या मनाला लागलं. तेव्हापासून कुणी आई, कुणी सून, कुणी भाऊ येऊन म्हणाला, 'आमचं माणूस बदललंय,' की हातातलं काम शेजारच्याला देऊन उठायचं, असं ठरलं. पुष्कळदा काही निघत नाही. तरी उठायचं.

तारामतीबाई घरी निघाल्या, तेव्हा लुंबिनी सिस्टर त्यांना दारापर्यंत सोडायला आली.  मग तारामतीबाईंनी तिच्या हनुवटीला हात लावला.

"तू सांगितलं नसतंस, तर मला वाटलं असतं, म्हातारपनी काहीतरी नवं दुखनं आलं. उपास धरायचे सोडले असते, रानात एकटी जायला भेले असते. आता मला म्हाईत हाय, माझं अंग चांगलं हाय." आणि मग तिच्याकडं निरखून बघत त्या म्हणाल्या, "काल धरनं जेवलीस का न्हाई तू?"

त्यानंतर बरीच वर्षं गेली. वीरण्णा मामा निवृत्त झाले. जायच्या दिवशी त्यांनी माझ्या चाकांत तेल घातलं, गादीवरून हात फिरवला आणि ते गेले. मला ढकलताना आता कुणी तंगी म्हणत नाही. पायानं दाबून वरखाली होणाऱ्या नव्या चकचकीत ट्रॉल्या आल्या. मला मागच्या बोळात लोटलं. माझ्यावर रिकामी खोकी साठली. कोळ्यांनी कठड्यावर जाळी विणली. पावसाळ्यात माझ्या चाकाचा ब्रेक गंजला. मी दिवसभर अर्धवट झोपेत असायचे. कुणाकुणाच्या पाठी आठवायच्या. तापात गाणं म्हणणारा तो ट्रक ड्रायव्हर, जात्यावर बसल्यासारखे हात फिरवणारी ती आजी. त्यांच्या स्वप्नांचे तुकडे माझ्यातून वाऱ्यासारखे जायचे.

एकदा गर्दीच्या दिवशी कुणीतरी मला ओढून आत नेलं. लुंबिनी सिस्टर आता विभागाची प्रमुख झाली होती, केसांत पांढऱ्या तारा आल्या होत्या. तिनं माझा ब्रेक पायानं दाबून पाहिला. चाक फिरतच राहिलं.

"हिला बाहेर न्या," ती म्हणाली. "दुरुस्त होईपर्यंत हिच्यावर कुणाला निजवायचं नाही."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं राबले, आणि एका गंजलेल्या ब्रेकसाठी बाहेर! पण नंतर ती स्वतः माणूस घेऊन आली. माझा ब्रेक बदलला, कठड्याच्या खिट्ट्या घट्ट केल्या, फाटलेलं रेक्झिन शिवलं. तेव्हा मला कळलं, तिनं मला टाकलं नव्हतं. माझ्यावर निजणाऱ्या पुढच्या माणसाची तिला काळजी होती.

परवाचीच गोष्ट. एका चिमुरडीला तिच्या बापानं उचलून आणलं आणि माझ्यावर बसवलं. खेळता खेळता तिनं नाकात हरभऱ्याचा दाणा घातला होता. नाक लाल, गाल ओले. एक तरुण डॉक्टर चिमटा घेऊन आला आणि थांबला.

"तुझं नाव काय?"

"राजकन्या," ती म्हणाली.

"हो गं, राजकन्या तर तू आहेसच. पण खरं नाव सांग."

"खरंच राजकन्या!" ती रडणं विसरून रागानं म्हणाली. "राजकन्या व्यंकटी कदम. आनि आमच्या वासराचं नाव मोत्या."

सगळा विभाग हसला. डॉक्टरनं तिच्या मनगटावरची पट्टी वाचली, मान हलवली, आणि मग एका क्षणात दाणा बाहेर आला. हसताना ती माझ्यावर पाय हलवत होती. मी हलले नाही. माझा ब्रेक लागलेला होता.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. तेल मिळालं तर चालते, नाही मिळालं तर गंजते. माझी काळजी घ्या, माझ्यावर ओझी टाकू नका, माझे कठडे पाडून झोके खेळू नका. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. कधी तुमची आजी, तुमचे बाबा, नाहीतर तुम्ही स्वतः माझ्यासारख्या कुणा ट्रॉलीवर निजाल, तेव्हा वरून डोकावणाऱ्या चेहऱ्याला घाबरू नका. त्यानं विचारलं तर आपलं नाव पुरं सांगा. नाही विचारलं, तरी सांगा. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा. आपलं माणूस वेगळं दिसलं तर हात धरून बोलवा. आणि उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर झालं, सिस्टर झालं, तर कुणी घाबऱ्या तोंडानं तुमचा हात धरील, तेव्हा तो सोडवून घेऊ नका. त्याच्याबरोबर चार पावलं चाला. बाकी माणसाला अंगावर धरून ठेवायचं काम माझं. ते मी करीन.